फोनवर मराठी नको

चऱ्होली
५ जानेवारी

मोनिका,

आशीर्वाद हाय. घ्यायचा का न्हाई ते तू ठरव.

तूच म्हणली व्हतीस, "आत्या, फोन नका करू. स्पीकरवर तुमची मराठी आली की दिव्याचं इंग्लिश बिघडतं. काही असलं तर लिहून पाठवा." मला तुमचं ते व्हॉट्सॅपवर टाइप करणं जमत न्हाई, म्हणून हा कागद. सातवी पास हाय मी, अक्षर तुझ्यापेक्षा बरं हाय. विलास रोज तुमच्या रहाटणीच्या सोसायटीत दूध टाकायला येतो, त्याच्याजवळ देते. पुतण्या हाय माझा, फोडून वाचायचा न्हाई. वाचलं तरी वाचू दे, मी काय चोरून लिहीत न्हाई.

दसरा झाला आन् माझ्या लेकानं, प्रीतमनं, मला गाडीत घालून इथं आणून सोडलं. आळीत इचारतात, "छबूबाई, लेकाचा एवढा मोठा फ्लॅट सोडून हितं कशा?" मी सांगते, गुडघ्यांना लिफ्ट सोसत न्हाई. आता लिफ्टनं कुणाचे गुडघे दुखल्यात का कधी? पण बायका मान डोलावतात. त्यांच्याबी सुना हायेत.

मला ठाऊक हाय सगळं. शाळेतल्या मॅडम मीटिंगला म्हणल्या, फेब्रुवारीत मोठ्या शाळेत केजीच्या अ‍ॅडमिशनचा इंटरव्ह्यू हाय, घरात फक्त इंग्लिशच बोला, पोर कानावर पडतं तेच उचलतं. तू घरी येऊन चप्पलबी काढली न्हाईस, आधी माझ्याकडं बघितलंस. मला तवाच कळलं माझं गाठोडं बांधायची येळ आली.

मी इंग्लिशच्या आड न्हाई, हे नीट वाच. तुझ्या दिव्याचा, माझ्या दिवलीचा, तो पहिला व्हिडिओ, ज्यात ती टीव्हीतल्या निळ्या सशासारखी एक ते वीस आकडे म्हणते, तो मीच आख्ख्या आळीला दाखवला. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. चार वर्षांची पोर आन् गोऱ्या मडमेसारखं बोलते! मी लई फुगले व्हते त्या दिवशी.

पण एक इचारते. ती आता कुणाशी बोलते का? टीव्हीशी न्हाई, माणसाशी.

संक्रांतीला तिला आण. पाचवं वरीस लागलंय, हे शेवटचं बोरन्हाण. हलव्याचे दागिने मी घरी केल्यात. मी तोंड बंद ठिवीन, माझं बोलणं तिच्या कानावर पडणार न्हाई, मग तर झालं?

तुझी आत्या

चऱ्होली
१६ जानेवारी

मोनिका,

तू चप्पल घालून निघालीस तवा तुझा तिळगुळाचा डबा हितंच राह्यला. विलासबरोबर पाठवलाय. त्यातले लाडू मीच केलेत, रागाच्या आधी.

आता काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं तसं सांगते, कारण तू तवा पाहुण्यांकडं बघत व्हतीस.

दिवलीला काळं झबलं घातलं, हलव्याचा हार घातला, पाटावर बसवली. डोक्यावरनं बोरं, चुरमुरे, चॉकलेटं वतली. आळीतली पोरं तुटून पडली. ही आपली बसून. हात लावंना, हसंना. कबूल केलं व्हतं तरी माझ्या तोंडून निसटलंच, "दिवले, उचल की गं, तुझं हाय." तर तिनं तोंडावर बोट ठिवलं आन् मलाच गप केलं. मग हात गळ्यापाशी नेला. मला आधी उमगंना ती काय चाचपतीया. मग प्रीतमनं सांगितलं, शाळेत मराठी बोललं की गळ्यात लाल कार्ड अडकवतात, शाळा सुटंपातुर काढत न्हाईत. तिच्या गळ्यात तवा हलव्याचा हार व्हता. पोरगी तो हार चाचपून बघत व्हती, कार्ड तर न्हाई ना म्हणून.

मला भडभडून आलं. पण कबूल केलं व्हतं ना, मी खाली बसून बोरं येचायला लागले.

मग कुणीतरी टीव्ही लावला आन् तो ससा आला. काय बोलली गं ती! सशाच्या आधी सशाचं वाक्य. सगळ्या बायका कौतुक करायला लागल्या, तुझा चेहरा बघ म्हणलं असतं, असा उजळला व्हता. मी तिच्याकडं बघत व्हते. ती मांडी आवळून, एक पाय दुसऱ्यावर घासत व्हती. तिला जायचं व्हतं. एवढी बोलती पोर, पण "मला जायचंय" हे तिनं कुणाला सांगितलं न्हाई. ससा ते कधी म्हणत नसंल. झबलं भिजलं, हार भिजला, हलवा पाघळला, तरी ती सशाचंच म्हणत राह्यली.

त्यावर तू तिला इंग्लिशमधी रागावलीस आन् मी मराठीत तुला रागावले. मी सगळ्यांसमोर तुझ्या माहेरावर गेले असं प्रीतम म्हणतो. मला शब्द आठवत न्हाईत. बोलले असंल तर रागात बोलले.

मोनिका, मला भ्या वाटायला लागलंय. तिला काय झालं तर ती सांगंल कशी?

आत्या

चऱ्होली
२७ जानेवारी

मोनिका,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळी लिहिल्यास पण झोंबतील अशा लिहिल्यास. मी परत परत वाचल्या, त्या अशा:

"आत्या, लग्न होऊन आले तेव्हा मी 'कामून' म्हटलं की तुम्ही आणि तुमच्या जावा पदर तोंडाला लावून हसायचात. मग हिंजवडीत नोकरीला गेले, तर तिथे माझ्या इंग्लिशला हसले. दोन्हीकडून हसून घेतलंय मी. माझ्या मुलीला कुणी हसणार नाही, एवढंच मला बघायचंय."

हसले असंल बाई. आमच्याकडं "का" म्हणतात, तुमच्या लातूरकडं "कामून" म्हणतात, नव्या सुनेच्या तोंडून ऐकलं की हसू येतं. आमच्या "न्हाई" आन् "व्हय"ला पुण्यातल्या बायका हसत न्हाईत व्हय? बँकेत गेले की तो काउंटरवरचा पोरगा माझं वाक्य मला परत म्हणून दाखवतो. मी काय बोलायची बंद झाले का? तू मात्र झालीस. आठ दिवसांत अशी पुस्तकातल्यासारखी बोलायला लागलीस, की तुझं माहेर कुठलं ते कुणाला सांगावं लागायचं.

न्हाई म्हणायला एक हाय. तुझी आई फोन करती तवा तू ग्यालरीत जातीस आन् काचेचं दार वढून घेतीस. मग लई मोकळी बोलतीस. लेकरू काय, माय काय, जायलाव काय आन् यायलाव काय, सगळं बाहेर येतं. तुला वाटतं कुणाला ऐकू येत न्हाई. मी तिथं व्हते तवा बघितलंय, दिवली त्या काचेला नाक लावून उभी राह्यची. तुला दिसायची न्हाई, तुझी पाठ असायची. असू दे, त्या दाराबद्दल मी कायबी म्हणत न्हाई. तुझं दार हाय.

प्रीतम परवा येऊन गेला. म्हणतो, "आई, बाई सांगतात ती शाळेत गप असती, पण घरी फाडफाड बोलते, म्हंजे इंटरव्ह्यूत बोलंलच." मी म्हणले, "अरे राजा, ती बोलत न्हाई, ती म्हणून दाखवते. 'काय खाल्लंस' म्हणून इचारलं तर सशाचं वाक्य, 'झोप आली का' तर सशाचं वाक्य. ह्याला बोलणं म्हणत्यात व्हय?" त्याला पटलं. बापाचं काळीज हाय. पण तुझ्यासमोर बोलायची त्याची छाती न्हाई आन् चाकणला कंपनीत गेला की त्याला दुसरं कायबी सुचत न्हाई.

इंटरव्ह्यू सात तारखेला हाय म्हणे. त्याच्या आधी तिला एकदा चांगल्या डॉक्टराला दाखव. बोलण्याचे डॉक्टर असत्यात, विलासच्या साडूनं नेलं व्हतं पोराला, चिंचवडला. तुला वाटंल सासू खोडा घालतीया. घालतीया असं समज, पण ने.

आत्या

रहाटणी, तुमच्या सोसायटीचं गेट
६ फेब्रुवारी, दुपार

मोनिका,

मी खाली गेटवर हाय. वॉचमनच्या वहीचं पान फाडून लिहिते. तू इंटरकॉम उचलंनास. फोन केला तर कापलास, आता तर लागतबी न्हाई. वॉचमन म्हणतो, मॅडमनी सांगितलंय, आज पोरीचा उद्याच्या इंटरव्ह्यूचा सराव हाय लॅपटॉपवर, कुणाला वर सोडू नका. मलाबी न्हाई म्हणतो. नवा हाय, मला वळखत न्हाई. प्रीतमला फोन लावला, पण शिफ्टला त्यांचे फोन लॉकरमधी ठिवतात, तो उचलायचा न्हाई.

तर ही चिठ्ठी तो लिफ्टनं वर आणंल. वाच आन् दार उघड. भांडायला आले न्हाई.

सकाळी प्रीतमनं कामाला जाताना फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला. दिवली सोफ्यापाशी उभी, "ओ माय टमी, बूम बूम बूम" म्हणते आन् खाली लोळते. विलासनं सांगितलं, ससा गाजरं खातो, पोट धरतो, हेच म्हणतो, धाडकन पडतो आन् सगळी जनावरं हसतात. रोज असतं ते. व्हिडिओत तुमीबी हसताय, तुझा आवाज येतो. ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या टाकल्यात.

मला त्यातला एक शब्द कळला न्हाई, म्हणून मी नुसतं पोरीकडं बघितलं. विलासला म्हणले परत लाव, परत लाव. ससा दोन्ही हातांनी पोट धरतो. ती एकाच हातानं धरते, उजव्या अंगाला, खाली, जांघेच्या वर. ससा ताठ व्हऊन पडतो. ती वाकूनच बसली आन् मग आडवी झाली. उजवा पाय पोटाशी घेतला तो सोडला न्हाई. आन् हसली न्हाई, मोनिका. ससा हसतो. ती न्हाई हसली.

तिचं पोट दुखतंय. खरंच दुखतंय. ती सांगतीया तुमाला, तिच्याकडं जे हाय त्यातनं सांगतीया.

सकाळपास्नं काय खाल्लंय का? उलटी झाली का? अंग तापलंय का? लॅपटॉप बंद कर. मी चुकले असंल तर जन्मभर मला टोमणे मार, मी ऐकून घेईन. विलास गाडी चालू ठिवून उभा हाय.

लवकर

हॉस्पिटल, दुसरा मजला, बाहेरचं बाकडं
९ फेब्रुवारी

मोनिका,

तू आत, मी बाहेर. आत एकालाच सोडतात आन् फोन न्यायला बंदी, म्हणून परत कागद. सिस्टर चांगली हाय, बीडची, ती म्हणली देते.

तू त्या दिवशी दार उघडलंस तवा हातात माझं पान व्हतं आन् पाठीमागं लॅपटॉपमधली क्लासची बाई "व्हेरी गुड दिव्या, व्हेरी गुड" म्हणत व्हती. पोर सोफ्यावर मुटकुळं करून पडलेली, अंग नुसतं फणफणत व्हतं, तरी बाईनं काहीतरी इचारलं तसं परत बूम बूम म्हणली आन् बाई परत हसली. पोरीला उचललंस आन् अनवाणी लिफ्टमधी शिरलीस. खाली दुधाच्या गाडीत कॅन सरकवून बसलीस. माझ्या डोळ्यांसमोरनं ते जात न्हाई.

तू मनाला लावून घेऊ नको असं मी म्हणणार न्हाई, कारण तू घेतलंयसच. पण एवढं लक्षात ठिव, हितला एवढा मोठा डॉक्टर, त्यालाबी ती तेच म्हणली आन् तोबी आधी हसला. "हॅलो बनी" का काय म्हणला. मग त्यानं पोट दाबून हात सोडला आन् ती पांढरी पडली, तवा त्याचं हसू गेलं. अपेंडिक्स फुटलं व्हतं. आणखी उशीर झाला असता तर, म्हणला आन् तसाच ऑपरेशनला पळाला.

ऑपरेशन झालं, पोर शुद्धीवर आली, देवाची दया. पण आता ऐक, हे महत्त्वाचं हाय. शुद्धीवर आल्यापास्नं तिनं तोंड उघडलेलं न्हाई. ससाबी म्हणत न्हाई. सिस्टर मराठीत इचारते, दुसरी हिंदीत इचारते, डॉक्टर इंग्लिशमधी, ती छताकडं बघते. आन् आज सकाळपास्नं ताप परत चढलाय. डॉक्टर प्रीतमला सांगत व्हते, मी ऐकलं. आत कुठं पू साचला असंल. तपासण्या चालू हायेत, पण ती कुठं हात लावू देत न्हाई, सगळीकडंच आवळून घेते. एवढी मोठी पोर हाय, कुठं दुखतं ते बोट लावून तरी सांगू दे, लई मदत व्हईल, असं डॉक्टर म्हणले. प्रीतम भिंतीला टेकून रडतोय. मी त्याला म्हणले, तुझ्या आईला आत पाठव, तर म्हणतो मोनिकाला इचार.

तर मी इचारते. पदर पसरून इचारते. मला थोडा येळ आत सोड. मी तिच्याशी आपलं बोलीन, जसं लहानपणी न्हाऊ घालताना बोलायचे तसं. ती मला उत्तर देईल. मला खात्री हाय. तिला जलमल्यापास्नं माझीच बोली कानावर हाय, आत कुठंतरी असंलच ना ती?

इंटरव्ह्यू गेला, शाळा गेली, त्याचं खापर माझ्यावर फोड नंतर. मी कुठं पळून जात न्हाई. आता सोड.

आत्या

चऱ्होली
२१ फेब्रुवारी

मोनिका,

काल तू फोन केलास, "आत्या, रहाटणीला कधी येताय?" म्हणलीस आन् मी तुला नुसतं "बघू" म्हणले. तुला वाटलं असंल म्हातारी भाव खातीया. तसं न्हाई गं. हे फोनवर बोलता यायचं न्हाई मला. आन् लिहायची सवय तूच लावलीस.

त्या दिवशी तू बाहेर आलीस आन् माझ्या हातात तो हिरवा गाऊन दिलास. मी आत गेले ती ताठ मानेनं गेले, खोटं कशाला सांगू. मनात म्हणले, आता बघंल ही, पोर कुणाला बोलते ते. काचेतनं तू बघत व्हतीस, मला ठाऊक व्हतं.

मी सगळं केलं. "दिवले, माझे बाय, आजी आली बघ" म्हणले. तिच्या पायावरनं हात फिरवला. म्हशीची गोष्ट सांगितली, तिची आवडती. न्हाऊ घालतानाचं सगळं बोलले. तिनं माझ्याकडं बघितलं, वळखलं, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. आन् तोंडावर बोट ठिवलं. सलाइन लावलेला हात उचलून, मोनिका, तोंडावर बोट. मग काचेकडं बघितलं. तुझ्याकडं. मला वाटलं व्हतं, कुलूप माझ्या बोलीला लावलंय, मी गेले की निघंल. चावी तुझ्याजवळ व्हती.

मी सिस्टरला म्हणले, हिच्या आईला आत घ्या. ती म्हणली, एकच माणूस. मी म्हणले, तू बीडची ना गं, तुला आई न्हाई का? ती पाठ करून उभी राह्यली.

आत येऊन तू आधी इंग्लिशमधी बोललीस. सवयीनं. पोरीनं मान फिरवली. आन् मग तुझं काय झालं मला ठाऊक न्हाई, तू खाली बसलीस, तिच्या तोंडाला तोंड लावलंस आन् म्हणलीस, "बोल की गं माय. कुणी कायबी म्हणायचं न्हाई तुला. कुठं दुखायलंय माझ्या लेकराला?" मी सून म्हणून तुला आणल्यापास्नं तुझं असं बोलणं कधी समोरासमोर ऐकलं नव्हतं. नेहमी काचेच्या पल्याड.

पोरीनं मान परत तुझ्याकडं वळवली. आन् मग तो आवाज. सशाचा न्हाई, तिचा. घोगरा झालेला.

"माय, हिकडं लई दुखायलंय. तू कामून दार लावून घेतीस? जवळ बस की."

बोट लावून दाखवलं. डाव्या अंगाला, बरगडीच्या खाली, जिथं कुणी शोधत नव्हतं. सिस्टर धावली डॉक्टराकडं. तिथंच निघाला पू, सोनोग्राफीत दिसला, सुई घालून काढला आन् दुसऱ्या दिवशी ताप उतरला. ते सगळं तुला ठाऊक हाय.

तुला ठाऊक न्हाई ते सांगते. तू तिला कवटाळून रडत व्हतीस आन् मी पायाशी उभी व्हते. आनंद झाला म्हणून काय सांगू. पण त्या आनंदात बारीक कळ आली. जलमल्यापास्नं मी तिला न्हाऊ घातलं, मी बोलले, मी गोष्टी सांगितल्या. शाळेनं तिला शिकवलं, टीव्हीनं शिकवलं. आन् जिवावर बेतलं तवा पोरीच्या तोंडातनं आलं काय, तर लातूरचं, जे तिला कुणीच शिकवलं नव्हतं, जे तू तिच्यापास्नं लपवून बोलायचीस. काचेला नाक लावून शिकली ती. माझी बोली न्हाई आली. मला हेवा वाटला तुझा. वाटला तर वाटला.

आता रहाटणीला यायचं म्हणतेस, तर ऐकून घे. शाळेची जागा गेली, आता दुसरी शाळा कुठली बघायची ते तू आन् प्रीतम बघा. इंग्लिश शिकू दे, फाडफाड शिकू दे, मी आळीत परत व्हिडिओ दाखवीन. ससा लावायचा तर लाव, पण त्याच्याशेजारी कुणीतरी माणूस बसू दे. चिंचवडच्या त्या बोलण्याच्या डॉक्टराकडं मी तुझ्याबरोबर येईन. ग्यालरीचं दार उघडं ठिवून आईशी बोलत जा. आन् मला फोन करायला परवानगी लागणार असंल तर मी हितंच बरी हाय.

माझंबी एक हाय. मी त्या घरात आले की तू माझ्यासमोर पुस्तकातलं बोलू नको. तुझं बोल. मी जावांनाबी सांगितलंय. त्यातली एक म्हणली, "का गं, आता हसायला यायचं न्हाई व्हय तुला?" मी चहा घेतला आन् उठून आले.

काल तू फोन ठिवायच्या आधी दिवलीनं तुझ्या हातातनं वढून घेतला ना, ते तुला ऐकू आलं का न्हाई ठाऊक न्हाई. ती मला म्हणली, "आजी, तू कामून येईनास?"

विलास समोरच बसला व्हता, त्याला इचार. मी हसले न्हाई. मी म्हणले, "येते गं माय, रविवारी येते."

तुझी आत्या